बिळात फेरेट सोडण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. इंग्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या शेताच्या बांधात सशांनी बिळेच बिळे केली आहेत, कोवळा गहू कडेकडेने खाऊन जमीन उघडी पाडली आहे आणि शेजारच्या शेतकऱ्याने तुला फेरेट हे सशांना बिळातून हुसकावणारे जनावर पाळायला सुचवले आहे, इथपर्यंत वाचून मला बरे वाटले. परंतु ‘शनिवारी जोडी आणतो आणि रविवारी बिळात सोडतो’ हे तुझे वाक्य वाचल्यावर उत्तर लांबणीवर टाकणे योग्य वाटले नाही. फेरेटचे बिळातले काम हिवाळ्याच्या काही महिन्यांपुरते असते आणि त्याचा सांभाळ मात्र बाराही महिने करावा लागतो. ज्याच्याकडून सांभाळ नीट होत नाही त्याला बिळाच्या तोंडाशी नुसते ताटकळत बसावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

आधी एक समज दूर करतो. फेरेट ससा धरून तुझ्या पायाशी आणून टाकत नाही. पोलकॅट नावाच्या रानटी युरोपीय प्राण्यापासून माणसाळवलेला हा लांबोडका, आखूड पायांचा मांसाहारी जीव बिळात शिरला की त्याच्या वासाने आणि चाहुलीने ससे दुसऱ्या तोंडातून उधळून बाहेर पडतात. त्याचे काम तेवढेच. बाहेर पडलेला ससा अडवायचा तो जाळ्याने, कुत्र्याने किंवा ससाण्याने. आपण माळावर पाहिलेला ससा बीळ करीत नाही, उघड्यावर खळगीत दडून बसतो, म्हणून ही सारी पद्धत आपल्याला परकी वाटते. युरोपातला हा ससा मात्र जमिनीखाली वसाहत करून राहतो, आणि एकेका वसाहतीला कित्येक तोंडे असतात.

पद्धत फार जुनी आहे. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना, तोंडाला मुसके बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच प्राण्याचे वर्णन केले आहे. आणि बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी सशांपुढे हात टेकून सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली होती, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. ब्रिटनमध्ये नॉर्मन राजवटीच्या काळात ससे मुद्दाम आणून मांसासाठी आणि कातड्यासाठी राखले गेले, आणि त्यांच्यामागोमाग फेरेटही तिथे रुळले. स्ट्रेबोच्या काळचे ते मुसके पुढे शतकानुशतके टिकले, काहींनी तर प्राण्याचे ओठ शिवण्यापर्यंत मजल मारली. तुला कोणी जुन्या गोष्टी सांगताना त्याचे कौतुक केले तर ऐकून घे आणि सोडून दे. मुसके बांधलेला फेरेट बिळात हरवला तर उपाशी मरतो, घुशीने हल्ला केला तर स्वतःचा बचावही करू शकत नाही.

आता खरेदीविषयी. इथे नराला हॉब, मादीला जिल आणि पिल्लाला किट म्हणतात. तू दोन जिल घे. एकटा फेरेट कंटाळतो, आणि नर अंगाने मोठा, कित्येकदा मादीच्या दुप्पट वजनाचा असल्यामुळे बिळात सशाला कोपऱ्यात गाठून मारण्याची आणि तिथेच पसरण्याची शक्यता अधिक असते. छोटी, चपळ जिल सशाच्या अंगावरून वाट काढते, त्याला बेजार करते आणि पळायला लावते. रंगाच्या बाबतीत पांढरा फेरेट वाळक्या पाचोळ्यात आणि काटेरी झुडपांत लगेच दिसतो, एवढाच त्याचा फायदा. तो अधिक चांगले काम करतो, ही निव्वळ दंतकथा आहे.

जिल पाळताना एक गोष्ट अशी आहे की जी माहीत नसल्यामुळे दरवर्षी अनेक जनावरे दगावतात. दिवस मोठा होऊ लागला की, म्हणजे साधारण मार्चच्या सुमारास, ती माजावर येते, आणि समागम झाल्याशिवाय तिच्या शरीरात बीजमोचन होत नसल्यामुळे तो माज आपोआप ओसरत नाही. महिनोन्‌महिने वाढलेल्या संप्रेरकामुळे हाडांतील मगज रक्तपेशी तयार करणे थांबवतो आणि रक्तक्षय होऊन मादी मरते. यावर उपाय म्हणजे एक तर पिल्ले घेणे, किंवा नसबंदी केलेल्या नराबरोबर ठेवणे, अथवा पशुवैद्याकडून संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा कातडीखाली बसवायचे इंप्लांट घेणे. शस्त्रक्रियेने वंध्यीकरण केल्यावर पुढे मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीचा विकार होत असल्याचे दिसून आल्यामुळे अनेक पशुवैद्य आता इंप्लांट पसंत करतात. पिल्ले घेण्याचा मोह पहिल्या वर्षी तरी आवर; गर्भकाळ सुमारे 42 दिवसांचा असतो, एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात आणि त्या सगळ्यांना चांगली घरे शोधणे ही जाळी टाकण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे.

राहण्यासाठी मोठे लाकडी खुराडे किंवा त्याहून चांगले म्हणजे बंदिस्त अंगण कर. झोपायला कोरडी, अंधारी, गवताने भरलेली पेटी, आणि एक कोपरा शौचासाठी, जो ती स्वतःच ठरवतात. थंडीची चिंता करू नकोस, ओल आणि वाऱ्याचा झोत तेवढा टाळ. उष्णता मात्र त्यांना सोसवत नाही. पारा 30 अंशांच्या आसपास गेला की उष्माघाताने जनावर पाहता पाहता आडवे होते, म्हणून खुराडे सावलीत हवे आणि उन्हाळ्यात बंद मोटारीत पेटी क्षणभरही ठेवू नये. आहार केवळ मांसाचा. त्यांची पचनसंस्था इतकी आखूड आहे की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. जुन्या काळी घातला जाणारा दूध-पाव हा निव्वळ काटकसरीचा प्रकार होता आणि त्याने हगवण लागे. कातडी-हाडांसह ससा, कोंबडीचे मांस किंवा फेरेटसाठी मिळणारे कोरडे खाद्य दे, आणि लपवून ठेवलेले शिळे तुकडे रोज शोधून काढ, कारण ती साठा करतात.

कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगापासून त्यांना जप. तो झाला तर फेरेट जवळजवळ वाचतच नाही, आणि तुझ्याकडे कुत्राही असणार, तेव्हा लशीबद्दल पशुवैद्याशी आधीच बोल. तुला फ्लू झाला असेल तेव्हा त्यांच्याजवळ जाऊ नकोस. 1933 साली विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला, तो याच प्राण्याच्या साहाय्याने, कारण त्याला आपला फ्लू होतो आणि तो आपल्यासारखाच शिंकतो.

हाताळणीवर बाकी सगळे अवलंबून आहे. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की आईपासून वेगळे करता येते, आणि तेव्हापासून त्याला रोज हातात घ्यायचे, खांद्यांच्या मागून सावकाश, मागचा भाग तळहातावर तोलून. पिल्ले खेळात चावतात. हात झटक्याने मागे ओढला तर हा चावण्याचा खेळ त्यांना आवडू लागतो. खरी कसोटी बिळाच्या तोंडाशी लागते. फेरेट बाहेर डोकावला की नवखा माणूस झडप घालतो. दोन-चारदा असे झाले की ते जनावर तोंडापर्यंत येऊन परत वळू लागते आणि तू थंडीत तासन्‌तास ओणवा उभा राहतोस. तो चारही पाय बाहेर टाकून चालत येईपर्यंत थांबायचे आणि मग हात खाली नेऊन शांतपणे उचलायचे. हे घरच्या अंगणात पाइप टाकून आधीच शिकवता येते.

साहित्य फारसे नाही. पिशवीसारखी आवळणारी जाळी हवीत, प्रत्येक साधारण मीटरभर लांब, दोन टोकांना कड्या, कडेने ओवलेली दोरी आणि ती बांधायला खुंटी. ससा जाळ्यात आदळला की दोरी ताणली जाऊन तोंड मिटते. बिळाची तोंडे झुडपात पसरलेली असतील तर काठ्यांवर उभे करायचे लांब जाळे उपयोगी पडते, पण ते झोळ देऊनच बांधायचे. ताणून बांधले तर ससा उसळून परत जातो. गवत घातलेली, हवा खेळती राहणारी पेटी आणि लांब पात्याचे फावडे हेही हवे. शिवाय फेरेटच्या गळ्यातला, संकेत पाठवणारा प्रक्षेपक पट्टा आणि ते संकेत पकडणारा, वर जमिनीवर धरायचा शोधक हवाच. पूर्वी मोठ्या नराला दोरीला बांधून आत पाठवीत आणि दोरीवरच्या गाठींवरून खोली ओळखीत. ती दोरी मुळांत अडकत असे. आता शोधक जागा आणि खोली दोन्ही सांगतो. पट्टा चालू आहे की नाही हे दर वेळी पेटी उघडण्यापूर्वी बघ, आणि पट्टा फार ढिला बांधू नकोस.

काम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. त्याआधी झाडोरा माजलेला असतो, तोंडे सापडत नाहीत. त्यानंतर बिळात आंधळी पिल्ले असतात, फेरेट ती मारून तिथेच झोपतो, आणि मलाही ते क्रूर वाटते. आदल्या रात्री त्यांना हलके खाऊ घाल. ‘उपाशी ठेवले की जोमाने पळतात’ असे सांगणारे भेटतील. उपाशी फेरेट मारतो, खातो आणि पोट भरून आडवा होतो, हेच खरे.

सशांच्या वस्तीवर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, न बोलता जायचे. ससे जमिनीखालून पावलांची थरथर ओळखतात आणि बाहेर कोणी आहे असे कळले की फेरेटचे ओरखडे सोसतील पण बाहेर पडणार नाहीत. शिकवलेला लर्चर किंवा व्हिपेट कुत्रा एका तोंडाशी थबकून, मान वळवून, ताठ उभा राहिला तर आत ससे आहेत आणि नाक लावून पुढे गेला तर नाहीत. हा कुत्रा तुझा अर्धा दिवस वाचवतो. प्रत्येक तोंडावर जाळे नीट पसर, खुंटी घट्ट ठोक, आणि पाचोळ्याखाली लपलेली, सशाने पळण्यासाठीच राखून ठेवलेली तोंडेही शोध, कारण ससा नेमका तिथूनच निसटतो. मग एका जाळ्याची कड उचलून फेरेट आत सोड आणि बाजूला, तोंडासमोर सावली पडणार नाही असा उभा राहा. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने जमिनीत धडधड ऐकू येते आणि जाळे एकदम गोळा होते. ससा धडकला की त्या जाळ्याकडे जाऊन तोंड पायाने बंद कर, सशाची मान चटकन मोड, आणि तिथे लगेच दुसरे जाळे टाक. मान मोडण्याचे काम अनुभवी माणसाकडून शिकूनच ये. प्राण्याला क्षणभरही तळमळत ठेवायचे नाही, यात सवलत नाही. मूत्राशय अंगठ्याने दाबून रिकामे कर, पोट लवकर फाड आणि काळजाचा, म्हणजे यकृताचा, रंग पाहा. त्यावर पांढरे ठिपके असतील तर तो ससा खाऊ नकोस.

फेरेट बराच वेळ बाहेर आला नाही तर बहुधा त्याने आत ससा मारला असतो किंवा बंद टोकाशी गाठून ठेवला असतो. शोधकाने जागा निश्चित करून सरळ खाली खणायचे. शेवटचा वीतभर थर हाताने काढायचा, फावड्याने नाही. शोधकाला खुणाच मिळत नसतील तर तोंडे बुजवायची, एका तोंडाशी गवताची पेटी ठेवायची आणि पहाटे परत यायचे. बहुतेक वेळा तो पेटीत झोपलेला सापडतो. खणलेले खड्डे भरून काढल्याशिवाय निघू नकोस, नाहीतर मेंढीचा पाय मोडेल आणि शेजारी तुला पुन्हा उभे करणार नाही.

इंग्लंडच्या कायद्याचेही सांगतो. शेत कसणाऱ्या कुळाला ससे मारण्याचा हक्क 1880 च्या कायद्याने मिळाला आणि 1954 च्या पेस्ट्स ॲक्टने तर जमीन कसणाऱ्यावरच ससे आवरण्याची जबाबदारी टाकली. परक्या जमिनीवर लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस. बिजूचे (बॅजरचे) बीळ 1992 च्या कायद्याने संरक्षित आहे. ससे कधी कधी त्यातही राहतात, तेव्हा रुंद, अर्धवर्तुळाकार तोंड आणि बाहेर मातीचा मोठा ढीग दिसला तर फेरेट पेटीतच राहू दे. फेरेट मोकळा सुटू देऊ नकोस, हे तर वेगळे सांगायला नको. न्यूझीलंडमध्ये 1880 च्या दशकात सशांवर उपाय म्हणून तो आणला गेला आणि तिथल्या जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचा काळ ठरला, म्हणून 2002 पासून तिथे त्याची विक्री आणि पैदास दोन्ही बंद आहेत.

एक शंका तू विचारली आहेस, की याने सारे ससे संपतील का. नाही. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये आला तेव्हा दोन-तीन वर्षांत बहुतांश, काही अंदाजांनुसार 99 टक्के, ससे मेले, तरीही जात परत वाढली. फेरेट हिवाळ्यात संख्या खाली आणतो आणि वसंतातल्या विणीला त्यामुळे आळा बसतो, विष आणि वायू न वापरता. याउपर कुंपण घालावेच लागते. सुजलेल्या डोळ्यांचा, बहिरा झाल्यासारखा ससा दिसला तर तो याच रोगाचा. त्याला तिथेच संपव. तो रोग फेरेटला होत नाही.

तेव्हा आता मे महिन्यात खुराडे बांधायला घे, जुलैअखेर आठ-दहा आठवड्यांची पिल्ले घे, आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांना फक्त हाताची, पेटीची आणि पट्ट्याची सवय लाव. पहिल्या कामाला चार-पाच तोंडांची, मोकळ्या कुरणातली छोटी वस्ती निवड. कुंपणाच्या मुळांखालच्या मोठ्या वस्तीवर पुढच्या हिवाळ्यात जाऊ. नोव्हेंबरमध्ये मी येतो, माझी जाळी आणि शोधक घेऊन. फावडे मात्र तुझेच चांगले धार लावून ठेव, माझे इथल्या चिकणमातीत वाकले आहे.

तुझा,
जुना मित्र