‘अगदी फोटोसारखं!’च्या पुढे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात नुकतंच वास्तववादी चित्रांचं एक प्रदर्शन पाहिलं. तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या तैलचित्रापुढे बराच वेळ उभी होते. मागून येणारा जो तो एकच दाद देत होता, ‘अगदी फोटोसारखं!’ दाद मनापासूनची होती, तरी मला ती अपुरी वाटली.

फोटोत सुपातला दाणा न् दाणा दिसला असता. चित्रकाराने पाच-सहा दाणे नेमके काढून बाकीचं सूप ब्रशच्या रुंद फटकाऱ्यांवर सोडून दिलं होतं. आजीच्या खिडकीकडच्या गालाची कड धारदार होती, दुसरी सावलीत विरलेली. जवळून पाहावं तर नुसते गेरू, तांबडा, पांढरा असे रंगाचे थर. चार पावलं मागे आलं की सुरकुतलेली कातडी.

गाणं ऐकताना आपण सहज विचारतो, घराणं कोणतं? मग चित्रापुढे का विचारत नाही? मोजक्या रंगांत त्वचा उभी करण्यासाठी स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न ओळखले जातात. एका बाजूने येणारा उजेड आणि बाकी गडद अंधार म्हटलं की डच चित्रकार रेम्ब्रांट आठवतो. आपल्याकडे वास्तववादी चित्रणाचं हे वळण रुजलं ते १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. तिथे शिकून तिथेच शिकवणाऱ्या चित्रकार त्रिंदाद यांना तर ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणत. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरला आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात, आणि ते जलरंगात आहे हे सांगितलं की थक्क होतात. जलरंगात चुकलेला अंधार पुसून पुन्हा उजेड आणणं किती कठीण, हे मी तीस वर्षं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना शिकवताना रोज पाहिलं आहे. आज वासुदेव कामत यांची व्यक्तिचित्रं पाहतानाही हा वारसा जाणवतो.

यावर ‘ही तर युरोपची नक्कल’ असंही म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. तंत्र तिकडून आलं असेल. पण पदर खोचून बसायची आजीची ती पद्धत, सूप पाखडून झाल्यावर बोटांवर राहणारा कोंडा, हे पाहायला डोळा इथलाच लागतो.

आपल्या दैनिकात प्रदर्शनाच्या बातमीसोबत चित्रकाराचं शिक्षण कुणाकडे झालं, माध्यम कोणतं, कुणाची चित्रं पाहत तो घडला, एवढं चार ओळींत छापावं, ही विनंती. शिवाय रविवारी चित्रकार स्वतः दालनात असतील तर फार बरं. त्या दिवशी ते नव्हते. आजीच्या बोटांवर तेवढाच एक थंड निळसर उजेड होता, तो त्यांनी कुठून उचलला, हे विचारायचं राहून गेलं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
नौपाडा, ठाणे (प.)