जर्मनीतलं शिक्षण समजावून सांगणाऱ्या वहिनींना, जाहीर थँक्यू

वहिनी,

व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकलं की तुम्ही "बरं बरं, जर्मनचा अभ्यास कर" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता पळून दाखवा. शिवाय आमच्या सांगलीतली बरीच पोरं सध्या याच गोंधळात आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

खरं तर तुम्ही माझ्या मित्राच्या वहिनी, माझं तुमचं नातं काहीच नाही. तरी ऑफिस करून, मुलीला झोपवून, तुमच्याकडचे रात्रीचे दहा म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली, तेव्हा कॉल लावून मला शिकवत बसायचात. मी आधी जर्मनीत मास्टर्स करायचं म्हणून एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो होतो, त्यांनी दिलेली युनिव्हर्सिट्यांची यादी तुम्हाला पाठवली आणि तुमचा पहिलाच प्रश्न, "यातल्या सरकारी किती?" जवळजवळ सगळ्या प्रायव्हेट निघाल्या, वर्षाला दहा-बारा हजार युरो फीवाल्या. आणि आम्ही घरी सांगत फिरतोय जर्मनीत शिक्षण फुकट असतं!

मग तुम्ही ते "फुकट" नीट उलगडून सांगितलंत. तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय, राज्यं सोळा, प्रत्येकाचे नियम वेगळे. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त दर सेमिस्टरला ठरावीक शुल्क भरायचं, त्यातच बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटरपासून आपल्यासारख्या नव्या मुलांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो लावलेत. हे कळल्यावर यादीतली अर्धी नावं मीच खोडली.

दुसरं म्हणजे रँकिंग. मी सारखं "ही टॉप टेनमध्ये आहे का" विचारायचो आणि तुम्ही दरवेळी तेच, "तुला काय करायचंय ते सांग." मला डिझाईन आणि शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यातलं प्रत्यक्ष काम, आवडतं हे ऐकल्यावर तुम्ही फाखहोखशुलेचं, म्हणजे तिथल्या प्रॅक्टिकलवर भर देणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचं सांगितलंत, तोवर मला ते पॉलिटेक्निकसारखं काहीतरी खालचं वाटत होतं. तिथे प्रोफेसर व्हायला काही वर्षं इंडस्ट्रीत काम केलेलं लागतं, अभ्यासक्रम हाताने करायच्या गोष्टींकडे झुकलेला, डिग्री मात्र मास्टर्सचीच आणि पुढे पीएचडीची वाटही बंद होत नाही. तुम्ही स्वतः तिथूनच शिकलेल्या, हे मला कितीतरी नंतर कळलं, आधी सांगितलं असतंत तर मी दोन आठवडे वाद घातला नसता.

त्याच कॉलवर तुम्ही लेकीच्या शाळेबद्दल बोललात ते मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरायला लागतं कोण गिम्नाझियमला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार आणि कोण दुसऱ्या शाळेत, आणि पुढे खूप मुलं आउसबिल्डुंग करतात, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कंपनीत पगार घेऊन काम आणि उरलेले दिवस शाळा. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की लोक नाक मुरडतात. दहाव्या वर्षी पोरांची वाटणी मला अजूनही पटलेली नाही, तुम्हालाही पटत नाही हे माहितीये, पण फाखहोखशुलेतला हाताने शिकण्यावरचा भर कशातून आला ते तेव्हा उमगलं.

मग ती एक्सेल. देवा. कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे कोणत्या विषयात काय शिकवतात त्याची माहिती, उघडायचं, त्यांना गणिताचे किती क्रेडिट हवेत, मेकॅनिक्सचे किती ते एका कॉलममध्ये, आणि शेजारी माझ्या चार वर्षांच्या सिलॅबसमधले विषय. तिथे सेमिस्टरचे ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तास, त्यामुळे आपले क्रेडिट जसेच्या तसे उचलून टाकता येत नाहीत. हे करताना कळलं की कॉलेजचं नाव किती मोठं यापेक्षा तू नेमकं काय शिकलास हे ते विचारतात. मार्कांचंही तसंच, तिथे १.० सगळ्यात भारी आणि ४.० ला काठावर पास. आपले मार्क तिथल्या मार्कांत बदलायच्या बव्हेरियन फॉर्म्युल्यात १० पैकी ८ सीजीपीए टाकला तर पासिंग ४ धरल्यास २.० येतो आणि ५ धरल्यास २.२, म्हणून मार्कशीटच्या मागे छापलेलं पासिंग आधी बघ, हे तुमच्याशिवाय मला कुणीच सांगितलं नाही.

आणि केटीवरून, म्हणजे नापास झालेले विषय मागे ठेवण्यावरून, दिलेला दम! तिथे बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी, तिन्ही गेल्या की नाव कमी आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. लेक्चरला हजेरी घेत नाहीत म्हणून खूश होऊ नकोस, बऱ्याच विषयांत शेवटची एकच परीक्षा सगळे मार्क ठरवते, असं म्हणालात. आमच्या बॅचचा अर्धा ग्रुप हे ऐकून गप्प झाला.

बाबांशी अर्धा तास बोललात त्याचे तर वेगळे आभार. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे म्हणून आधीच खात्यात अडकवून ठेवायचे ते ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो म्हणजे फी नाही, आपलेच पैसे, दर महिन्याला ९९२ करून परत मिळतात, हे मी दहादा सांगून त्यांना पटलं नव्हतं. एपीएसचे, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचे, १८ हजार रुपये कशाला ते पण तुम्हीच समजावलंत, की नोव्हेंबर २०२२ पासून आपली कागदपत्रं तपासून घेतल्याशिवाय बहुतेकांना स्टुडंट व्हिसाच मिळत नाही. बाबा आता सोसायटीत दुसऱ्यांना समजावतात, तुमचं नाव न घेता.

हां, माझ्या मावसभावाचंही तुम्हीच सांगितलंत. बारावीनंतर लगेच बॅचलर्सला सरळ ॲडमिशन नाही, एक तर श्टुडिएनकोलेग, म्हणजे तिथलं तयारी करून घेणारं कॉलेज, नाहीतर इथे कॉलेजचं एक वर्ष, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड. त्याने इथेच एक वर्ष काढायचं ठरवलंय.

ॲडमिशन लेटर आलंय हे तुम्हाला माहितीच आहे, आता व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईला. एक्सेलमधून माझे मार्क पुसून ती ज्युनिअर्सना दिली आहे, चालेल ना? आणि आई विचारतेय भडंगाची किती पाकिटं देऊ, दादांना तिखट की साधं, ते आजच कळवा, ती बॅग भरायला बसलीसुद्धा.