तळ्याच्या वाटेवर थांबलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. चारेक तास आपण एकाच वाटेवर होतो, पण बोलायला इतकं काही होतं की नावाची गरजच पडली नाही. म्हणून हे पत्र असं उघडं लिहिते आहे. काठीला गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी, आणि वाटेच्या कडेला दगडावर एक बूट काढून बसलेली मुलगी. एवढ्यावरून तुम्हाला खूण पटेल.

तुम्ही यायच्या आधी त्या दगडापाशी बरेच जण येऊन गेले. सगळ्यांनी हसून सांगितलं, ‘आलंच आता तळं.’ त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, धीर द्यायलाच म्हणाले ते. तुम्ही मात्र पाठीवरची सॅक उतरवून खाली ठेवलीत. सॅक उतरवली की माणूस खरंच थांबला आहे हे कळतं. मला तिथेच रडू फुटलं. तुम्ही ते पाहिलंत, आणि सॅकच्या कप्प्यात काहीतरी शोधत राहिलात. त्या शोधण्याचेही आभार.

‘फोड आलेला नाही अजून, पण येऊ घातलाय,’ टाच बघून तुम्ही म्हणालात. बूट वरून घासतो म्हणून फोड येतो, अशी माझी समजूत होती. तुम्ही समजावलंत की पाऊल टाकताना आतलं हाड सरकतं, कातडी मोज्याला धरून जागीच राहते, आणि या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात. मग त्या फटीत पाणी भरतं. घामानं ओला झालेला मोजा कातडीला जास्तच पकडून ठेवतो. म्हणून आधी पाय वाऱ्यावर सुकू दिलात. काठीवरची पट्टी उलगडून तुकडा कापलात आणि त्याचे चारही कोपरे कात्रीनं गोल केलेत, कारण टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. एकही सुरकुती न पडू देता तो टाचेवर बसवलात. तुमचे कोरडे मोजे मला दिलेत. बुटाची लेस घोट्यापाशी दोन पिळे देऊन आवळलीत, म्हणजे चढताना टाच आत वरखाली होणार नाही. अनोळखी माणसाच्या घामट पायासाठी कोपरे गोल कापत बसलेल्या तुम्ही मला अजून दिसता.

मग तुम्ही विचारलंत, ‘मागे कितीला फिरणार आहेस?’

मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त पोचायचं ठरवून निघाले होते. पाटीवर ‘मध्यम’ लिहिलं होतं, अंतर ७ किलोमीटर, चढ ४५० मीटर. ताशी ४ किलोमीटर धरून मी पावणेदोन तासांचा हिशेब केला होता. दोन तास उलटले तरी झाडी संपत नव्हती, आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मला वाटायला लागलं होतं. तुम्ही काठीच्या टोकानं मातीत आकडे मांडलेत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली घालून दिलेला ठोकताळा, आजच्या मापात ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. अंतराचे १ तास २४ मिनिटं, चढाची ४५ मिनिटं, म्हणजे २ तास ९ मिनिटं. तेही न थांबता, चालायची सवय असलेल्या माणसाला. मातीतली ती बेरीज बघून मला किती हायसं वाटलं, काय सांगू! माझे पाय ठीक होते. हिशेब सपाट जमिनीचा होता.

परत फिरायची वेळ तुम्ही मला ठरवायला लावलीत. मी दीड म्हटलं. ‘दीडला जिथे असू तिथून मागे, तळं दिसत असलं तरी,’ तुम्ही म्हणालात, आणि पुढचा सगळा चढ बोलताना धाप लागणार नाही इतक्याच चालीनं माझ्याबरोबर चढलात. तुमची चाल याच्या दुप्पट असणार, हे मला कळत होतं.

एक वाजून पाच मिनिटांनी झाडं संपली आणि पाणी दिसलं. काठचे दगड तळापर्यंत मोजता येतील इतकं नितळ. माझी बाटली रिकामी होती, मी ओंजळ बुडवायला वाकले, आणि तुम्ही हात धरलात. जिआर्डिया हा पाण्यातून पोटात जाणारा सूक्ष्म परजीवी डोळ्यांना दिसत नाही, पोट बिघडतं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी, तेव्हा हे तळं आठवतही नाही. तुमच्या फिल्टरचं पाणी प्यायले. ओले मोजे खळबळायलाही तुम्ही मला भांड्यात पाणी घेऊन काठापासून सत्तर पावलं लांब नेलंत.

दीड वाजला तेव्हा मी म्हणाले, अजून दहाच मिनिटं. इतकं चालून आले होते, आणि वारा पडल्यामुळे पाणी नुकतं कुठे स्थिर झालं होतं. तुम्ही रागावला नाहीत. सॅकचा पट्टा लावत एवढंच म्हणालात, ‘वेळ तुझीच आहे.’ मी उठले. तळ्यापर्यंत पोचवल्याबद्दल तुमचे आभार आहेतच, पण तळ्यापाशी ज्या पद्धतीनं तुम्ही मला उठवलंत, त्याबद्दल जास्त आहेत. उतारावर गुडघे थरथरायला लागले तेव्हा तुमची एक काठी माझ्या हातात होती, आणि पाऊल टाकायची जागा दिसेल इतका उजेड शेवटपर्यंत होता.

खाली पोचल्यावर तुम्ही घाईत होतात आणि मी बूट काढलाच नव्हता, त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला कळलीच नाही. रात्री पट्टी सोडवली. टाच थोडी लाल होती. फोड आला नव्हता.