युद्धाचा खर्च बाजारभावाच्या पानावरही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांची बातमी येते तेव्हा सोबत नकाशा असतो, क्षेपणास्त्रांची नावे असतात, कोणता देश कोणाच्या बाजूने आहे तेही असते. मी दिंडोरी तालुक्यातली द्राक्ष उत्पादक. बागेचा हिशोब घरात मीच ठेवते. त्या हिशोबात मला जे दिसले ते कुठल्याच बातमीत वाचायला मिळाले नाही, म्हणून लिहिते आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धाचे कारण देत हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यांनीच काढलेली ती चित्रफीत वाहिन्यांवर आपण सगळ्यांनी पाहिली. डिसेंबरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्याच सुमारास आमच्याकडे मण्यांत पाणी उतरत होते. निर्यातदार बाग बघून किलोला १०० रुपये बोलून गेला होता. खुडणीच्या तोंडावर तो ८२ वर आला. कारण विचारले तर म्हणाला, “ताई, कंटेनरचं भाडं कुठल्या कुठं गेलंय, वर लाल समुद्राचा सरचार्ज. मी तरी काय करू?” तो खोटे बोलत नव्हता. आणि तयार घड वेलीवर ठेवून भाव सुधारायची वाट बघता येत नाही, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही.

न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला निघालेले जहाज केप ऑफ गुड होपमार्गे गेले की दहा-चौदा दिवस जास्त लागतात. माल शून्य अंशाजवळ ठेवला तरी तेवढ्या दिवसांत देठ तपकिरी पडतात आणि तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांचा माल कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे युरोपात विकेल त्या भावातून भाडे, विमा, शीतगृह, दलाली असे सगळे वजा होऊन जे उरेल ते शेतकऱ्याचे. ज्याने त्याने आपला वाढीव खर्च खालच्याकडे ढकलायचा आणि शेवटी तो आमच्या हिशोबपट्टीत येऊन थांबायचा, अशी ही रचना आहे. युद्ध सुरू करण्यात किंवा थांबवण्यात आमचा शब्द कोणी विचारत नाही. वसुलीच्या यादीत मात्र आम्ही असतो.

त्या डिसेंबरात लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीने लाल समुद्रातले धोक्याचे क्षेत्र वाढवले. पूर्वी जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याच्या आत असलेला युद्धविमा पुढच्या काही आठवड्यांत एक टक्क्याच्या आसपास पोचला. दुसरीकडे लांबच्या रस्त्यात जहाजे अडकल्यामुळे जगभर रिकामी जहाजे कमी पडली आणि भाडी चढली. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचा व्याज आणि कर धरण्याआधीचा नफा २०२३ मध्ये ३.९ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये तो ६.५ अब्ज झाला. हल्ले काही त्या कंपनीने घडवले नाहीत, तिच्याही जहाजांवर हल्ले झाले. पण युद्धामुळे कोणाचे उत्पन्न वाढते आणि कोणाचे घटते, हे वाचकाला कळायला नको का? इजिप्तला सुएझमधून २०२३ मध्ये १०.२५ अब्ज डॉलर मिळाले होते, पुढच्या वर्षी ते चार अब्जांपर्यंत घसरले. आधीच कर्जात असलेल्या देशाला हा केवढा फटका!

१२ जानेवारी २०२४ ला अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्ब टाकले. सागरी वाहतूक सुरक्षित करण्यासाठी, असे जाहीर केले गेले. वर्ष उलटले तरी मोठ्या कंपन्यांची बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालूनच जात होती. मग त्या बॉम्बहल्ल्यांनी साधले काय, हा साधा प्रश्न मला कुठे छापलेला दिसला नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा आपण मंत्र्यांना धारेवर धरलेत, ते योग्यच केले. पण लंडन किंवा कोपनहेगनमध्ये घेतलेल्या निर्णयाचा भार त्याच तालुक्यावर पडतो तेव्हा जाब विचारायला कोणी उरत नाही.

माझ्या नुकसानीची गाझातल्या माणसांच्या दुःखाशी बरोबरी करायचा विचारही माझ्या मनात नाही. तिथे माणसे मेली, आणि बाहेरच्या पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊन पाहूही दिले गेले नाही. समुद्रावरही माणसेच मेली. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवले, त्यात एक भारतीय होता. ज्यांच्या हातून आमचा माल जातो त्या माणसांबद्दल आपल्याकडे दोन परिच्छेदही नसावेत, याचे मला फार वाईट वाटते.

मे २०२५ मध्ये आपल्या कितीतरी वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे रात्रभर सांगितले. तसे काही झालेच नव्हते. जे घडलेच नाही त्या परक्या बंदरासाठी अख्खी रात्र देता येते, पण आमचे कंटेनर जिथून सुटतात त्या न्हावाशेव्यासाठी अर्धा मिनिटही नाही! इराकमध्ये कधीच न सापडलेल्या संहारक अस्त्रांबद्दल स्वतः काय काय छापले, याची झाडाझडती न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ ला आपल्याच अंकात वाचकांसमोर मांडली होती. उशिरा का होईना, मांडली. कराचीच्या त्या रात्रीची तशी तपशीलवार झाडाझडती माझ्या तरी वाचनात आलेली नाही. आपण ती छापावी, अशी विनंती आहे.

दुसरी विनंती बाजारभावाच्या पानाची. तिथे सोन्याचा भाव रोज असतो, वाशी आणि लासलगावचे दर असतात. त्याच पानावर आठवड्यातून एकदा न्हावाशेवा ते रॉटरडॅम रेफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरचे भाडे आणि त्यावर लावलेले अधिभार छापा. लंडनची ड्रूरी ही संस्था दर गुरुवारी भाड्याचा निर्देशांक जाहीर करते, पण तो शांघायहून सुटणाऱ्या मार्गांचा जास्त. न्हावाशेव्याचे आकडे बातमीदाराला तिथल्या फॉरवर्डरांकडूनच, म्हणजे माल जहाजावर पाठवून देणाऱ्या एजंटांकडूनच, घ्यावे लागतील. ते छापून आले तर व्यापारी दर खाली आणतो तेव्हा त्यातले खरोखर भाड्याचे किती आणि त्याच्या पदरात किती, हे आम्ही समोरासमोर विचारू शकू. माझ्या दोन हंगामांच्या हिशोबपट्ट्यांच्या प्रती, निर्यातदाराचे नाव झाकून, मी आपल्याकडे पाठवायला तयार आहे. शेजारच्या दोघी-तिघींनीही त्यांच्या पट्ट्या द्यायचे कबूल केले आहे.

आपली,
एक द्राक्ष उत्पादक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक