सर, तुमच्या क्लासचा फ्लेक्स काढून ठेवा

सर, नमस्कार.

मोबाईलवर मराठी टाइप करायला मला ब्रशपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून हे पत्र तीन रात्री चाललं आहे. पोरगी म्हणाली, फोन करून थँक्यू म्हणा ना. पण फोनवर मला अर्ध्या गोष्टी सुचत नाहीत. शिवाय पोरांना तुमच्या चित्रकलेच्या क्लासला पाठवावं की नाही म्हणून जे मायबाप घुटमळतात, त्यांनीही हे वाचावं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

मी नागपूरच्या महालात 1991 पासून बोर्ड रंगवतो. रंगवायचो म्हणा. फ्लेक्स आला तसे दुकानांचे बोर्ड गेले. काही वर्षं नंबर प्लेटांवर निघाली, तर 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच यायला लागली. आता उरल्या ट्रकच्या मागच्या फळ्या आणि शाळांच्या भिंती. त्यामुळे पोरगी "मला डिझाइनला जायचंय" म्हणाली तेव्हा मी एवढंच विचारलं, "काऊन? माझं पाहून पोट नाही भरलं?"

तिला शाळेत चित्रकलेला घातलं होतं ते इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरतं. ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क वाढतात, एवढाच हिशोब. मार्क मिळाले, माझ्यासाठी विषय संपला. अकरावीत ती तुमच्याकडे यायला लागली ते अकाउंटच्या ट्यूशनचं नाव सांगून. कळलं त्या दिवशी मी सक्करदऱ्याला तुमच्या गच्चीवरच्या खोलीत भांडायलाच आलो होतो.

तुम्ही कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि एका वाया गेलेल्या कार्ट्रिज शीटच्या पाठीवर लिहायला लागलात. आपलं नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय, त्याला राज्याची सीईटी. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेला डॅट नावाची प्रवेश परीक्षा, तीही दोन टप्प्यांत. आयआयटीच्या डिझाइनला यूसीड नावाची परीक्षा. आणि बाहेरची काही खाजगी कॉलेजं, जी मुलाखत घेतात आणि पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांची फाईल, पाहतात. तोवर पोर्टफोलिओ हे शेअर बाजारातलं काहीतरी असावं असं मला वाटायचं. तो कागद मी घरी आणला. भांडण राहूनच गेलं.

तिच्याकडे चाळीसेक चित्रं होती. तुम्ही सहा ठेवली. फोटोवरून पेन्सिलने काढलेला हिरो बाद, इंटरनेटवरचे घोडे बाद. हिरोला मी फ्रेम करून दुकानात लावलं होतं, मला फार लागलं ते. तुम्ही म्हणालात, "पेंटरसाहेब, हा हात चांगला आहे, पण यात तिनं पाहिलं काय?" आणि तिला रविवारी सकाळी स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या गेटवर बसवलं. सामानावर डोकं ठेवून झोपलेली माणसं, एकेक दोन मिनिटांत. पुढे पावसाळ्यात मूर्तिकारांच्या चितार ओळीत. आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर राहतो, तिनं जन्मभर रंगवलेला गणपतीच पाहिला होता. तुम्ही तिला मूर्ती घडायच्या सुरुवातीपासून बसायला लावलं: बांबूची काडी, त्यावर सुतळीने बांधलेली तणस, मग मातीचा पहिला हात, मग भेगा आणि त्या बुजवणं. एकाच मूर्तीची नऊ पानं. शेवटच्या पानावरही रंग नाही. मी म्हटलं, अर्धवट दिसते. तुम्ही हसलात फक्त.

आता जे लिहायला तीन रात्री लागल्या ते लिहितो.

कॉलेजला पोर्टफोलिओची पीडीएफ पाठवायच्या आदल्या रात्री ती झोपल्यावर मी फाईल उघडली. स्टेशनच्या कमानीची एक रेघ हलली होती. तीस वर्षांचा हात, राहवलं नाही. मी ती सरळ केली. एका बाईच्या पदराची घडीसुद्धा नीट केली. सकाळी तुम्ही गच्चीच्या दारात, उन्हाच्या तिरिपेपासून दूर, एकेक पान भिंतीला लावून मोबाईल सरळ धरून फोटो काढत होतात. त्या पानापाशी थांबलात. "ही रेघ तुझी नाही," एवढंच तिला म्हणालात. तिला काही ठाऊक नव्हतं, ती रडायला लागली. मी मागे उभा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पान काढून बाजूला ठेवलं आणि पुढचं लावलं.

त्याबद्दल माफी मागायची राहिली होती. ती इथे मागतो.

तुम्ही तिथेच सोडलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी फोन आला, "पेंटरसाहेब, फ्लॅट ब्रश घेऊन या, पोरांना अक्षर दाखवा." मी खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा मारली, काठीवर मनगट टेकवून 'ळ' काढला. तुमच्या बारा पोट्ट्यांपैकी एकालाही जमला नाही. सोपा नाहीच तो. पहिली वाटी वळताना ब्रश बोटांत फिरवावा लागतो, नाहीतर जाड-बारीक उलटं पडतं. आमच्या पोरीने चौदा काढले, चौदाही फसले. तुम्ही ते सगळे एका पानावर तारखेसकट ठेवायला लावले आणि कोपऱ्यात माझा एक. त्याखाली तिच्या हाताने लिहिलेलं: "हा वडिलांनी काढलेला." बाद केलेल्या पानाच्या जागी ते पान गेलं.

पुण्याला मुलाखतीत त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणे. ब्रश का फिरवायचा, हे तिला हवेत हात करून दाखवावं लागलं. ॲडमिशन झालं. फीचा आकडा लिहीत नाही, बँकेचं कर्ज आहे आणि हप्ते आहेत. तुमच्या क्लासचे दोन महिने मात्र बाकी आहेत आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पैशांचं मी पाहतो, पण एक काम माझ्या हातातलं आहे.

तुमच्या जिन्यावरचा फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडला आहे. 'चित्रकला' मधला 'त्र' तर वाचतासुद्धा येत नाही. येत्या रविवारी सकाळी सातला शिडी, पत्रा आणि इनॅमल घेऊन येतो. दहाच्या आत आटपलं पाहिजे, नंतर पत्रा तापतो आणि रंग ओढला जात नाही. तुम्ही फक्त मजकूर ठरवून ठेवा. आणि पोट्ट्यांना बोलवा जी, दोरी धरायला माणूस लागतो.

तुमचा,
पेंटर, महाल