बाळ वर्षाचं व्हायच्या आत नोंद करा, हे आईबापांना कोण सांगणार? परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची चिपळूणची, लग्न करून यूएईतल्या शारजाला आले आणि आमची मुलगी इथेच झाली. तिचा पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, एमिरेट्स आयडी म्हणजे इथलं ओळखपत्र झालं, म्हणजे माझं स्वतःचं काही काम तुमच्याकडे अडलेलं नाहीये. पण आम्हा इथल्या मराठी बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कुणी बाळंत झाली की पेढ्यांच्या फोटोपाठोपाठ ठरलेले प्रश्न येतात, बाळाचा पासपोर्ट कसा काढायचा, अर्ज भरून देणाऱ्या कुठल्या टायपिंग सेंटरला जायचं, लग्नाचा दाखला अटेस्ट केलेला नसेल तर चालतं का. जिला जे माहिती ती ते सांगते, काम होऊन जातं. पण मधूनच एखादा मेसेज असा येतो की त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं, बाळ वर्षाचं होऊन गेलं, अजून कॉन्सुलेटमध्ये म्हणजे भारताच्या इथल्या वाणिज्य दूतावासात जन्माची नोंदच नाही, आता काय करायचं. त्या आयांसाठी हे पत्र लिहितेय.

कायदा तुम्हाला माहितीच आहे, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून सांगते. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 4 म्हणतं की आई किंवा वडील भारतीय असले तर बाहेरदेशी जन्मलेलं मूल वंशाने भारतीय होतं. पण 3 डिसेंबर 2004 पासून त्याला एक अट लागली, जन्माची नोंद भारतीय कॉन्सुलेटमध्ये एका वर्षाच्या आत झाली पाहिजे, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे आई भारतीय, बाप भारतीय, आजी-आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत बसलेले, आणि नोंद राहिली म्हणून पोरगं भारतीय नाही. आणि इथे यूएईत जन्मलं म्हणून इथलं नागरिकत्व मिळत नाही, परदेशी आईबापांच्या मुलांना ते नसतंच. मग ते पोर कागदावर कुठल्या देशाचं?

हे फक्त गल्फचं दुखणं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये 2017 साली हायकोर्टासमोर अशीच एक केस होती, आईबाप भारतीय, मूल तिथे जन्मलेलं, भारतीय नोंद झालेली नाही, आणि कोर्टाने त्या मुलाला कुठलंच नागरिकत्व नाही असं धरलं. नंतर 2022 मध्ये ब्रिटिशांनी आपला कायदा बदलून अशा मुलांना तिथलं नागरिकत्व मिळायची वाट अवघड केली. त्यांनी त्यांच्या सोयीचं बघितलं, पण आपल्या माणसांची मुलं दुसऱ्या देशाच्या कोर्टात बिनदेशाची ठरतात याचा विचार आपण करायला नको का?

आता भारतात काय होतं ते बघा. चिपळूणच्या हॉस्पिटलमध्ये मूल झालं तर जन्माची माहिती हॉस्पिटलच नोंदणी ऑफिसला कळवतं, 21 दिवसांच्या आत, आईबापांनी जाऊन फक्त दाखला आणायचा. एखाद्याने दाखला आणायला उशीर केला तरी त्या पोराच्या नागरिकत्वाला काही होत नाही. बाहेरदेशी मात्र सगळा भार आईबापांवर, आणि ही जी वर्षाची मुदत आहे ती त्यांना कुणी कधी सांगतच नाही. आमच्या हॉस्पिटलने आम्हाला लसींचा तक्ता दिला, इथल्या जन्मदाखल्यासाठी कुठे जायचं ते सांगितलं, आणि ते त्यांचं काम त्यांनी नीट केलं. भारताचा कायदा सांगणं हे त्यांचं कामच नाही, ते आपलं आहे.

यूएईचा नियम आहे की बाळाचा रेसिडेन्स व्हिसा जन्मापासून 120 दिवसांत काढायचा, नाहीतर दिवसागणिक दंड. व्हिसाला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला जन्माची नोंद लागते, त्यामुळे ज्यांचे कागद जागच्या जागी आहेत, नवऱ्याला बरी नोकरी, सरकारी कागदपत्रं बघणारा कंपनीचा पीआरओ मदतीला, ते या दंडाच्या धाकाने का होईना धावपळ करून चार महिन्यांत सगळं उरकतात, त्यांना वर्षाची मुदत आहे हे कळायची गरजही पडत नाही. मग वर्ष कोणाचं उलटतं? ज्याची नोकरी बाळंतपणाच्या तोंडावर गेली त्याचं, ज्याचा स्वतःचा व्हिसा संपलाय आणि ओव्हरस्टेच्या भीतीने जो कुठल्याच ऑफिसच्या दारात जात नाही त्याचं, ज्याच्या मालकाने पासपोर्ट काढून ठेवलाय त्याचं (हे इथेही बेकायदेशीरच आहे, तरी होतं), हॉस्पिटलचं बिल थकलं म्हणून जन्माचा कागदच हातात आला नाही त्याचं. म्हणजे ही अट नेमकी त्याच घरातल्या पोराला लागते जे घर आधीच खाली बसलंय. मला सगळ्यात जास्त हे खटकतं, साहेब.

आणि साधीसुधी केस म्हटली तरी कागद किती असतात ते जरा ऐका. सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून होते. कोकणात अजूनही कितीतरी लग्नं नोंदणीशिवाय राहतात, गावात मांडव पडला, पंगती उठल्या, झालं लग्न, ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची वेळ तेव्हाच येते जेव्हा बायकोला इथे आणायचं असतं. मग तो दाखला आधी राज्याकडून म्हणजे मंत्रालयातून, मग तुमच्या खात्याकडून, मग यूएईच्या दूतावासाकडून असा शिक्के घेत इकडे येतो. तो अटेस्ट केलेला नसला की बाळाच्या जन्मदाखल्यापासूनच अडायला लागतं. पुढे जन्मदाखल्यात नाव. इथे बाळाच्या नावापुढे वडिलांचं अख्खं नाव जोडतात, आपल्याकडे पासपोर्टमध्ये नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, शिवाय अरबीत प नाही म्हणून पाटीलचं बातील होतं आणि परत इंग्रजीत येताना कधीकधी तसंच उतरतं. आईचं आडनाव पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. यातलं प्रत्येक प्रकरण सुटतं, नाही असं नाही, पण प्रत्येकाला एक अॅफिडेव्हिट, एक फी, नवऱ्याची एक सुट्टी, आणि ज्याची रोजंदारी आहे त्याचा तेवढा खाडा.

मग फोटो. पांढरं बॅकग्राउंड, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहरा सरळ, मागे कुणाचा हात दिसता कामा नये. ज्या बाळाची मान अजून धरत नाही त्याचा असा फोटो काढायचा म्हणजे पलंगावर पांढरी चादर ताणून बाळ आडवं ठेवायचं, एकाने डोक्याशी खुळखुळा वाजवायचा आणि दुसऱ्याने वरून फोटो घेत राहायचं, तेवढ्यात जांभई येते नाहीतर डोळा लागतो. आणि फॉर्मवर सहीच्या जागी अंगठा, मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. बाळं मुठी घट्ट आवळून असतात, तो अंगठा मुठीतून सोडवायचा, शाईला टेकवायचा आणि त्या एवढ्याशा चौकटीत बरोबर उमटवायचा, जरा बाहेर गेला की फॉर्म बाद. माझ्या मुलीच्या वेळी पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या सेंटरच्या काउंटरवरच्या एका मुलीने आपणहून पुढे येऊन तिचा हात धरला, हळूच एकेक बोट उघडलं, आणि पहिल्याच फटक्यात ठसा नीट आला. त्या मुलीला मी आजही दुवा देते. सेंटरवर अशी माणसं आहेत, म्हणून माझी तक्रार काउंटरवरच्या माणसांबद्दल नाहीये.

माझं म्हणणं वरच्या रचनेबद्दल आहे. जन्माच्या नोंदीचा फॉर्म एका पोर्टलवर, तो गृहमंत्रालयाचा. पासपोर्टचा फॉर्म दुसऱ्या पोर्टलवर, तो तुमचा. बाळ तेच, आईबाप तेच, पासपोर्ट नंबर, पत्ता, जन्मस्थळ सगळं तेच, पण दोनदा टाइप करायचं आणि दोन्हीकडे एकेक अक्षर जुळलं पाहिजे. टायपिंग सेंटरवाला दोन्हींचे पैसे घेतो आणि एका ठिकाणी स्पेलिंग चुकवतो. ही दोन पोर्टलं जोडून एकच अर्ज का होऊ शकत नाही? नोंद मंजूर झाली की तीच माहिती पासपोर्टच्या फॉर्मात आपोआप यावी, एवढंच.

आणि मुदत सांगण्याबद्दल. आमचे मोबाईल नंबर पासपोर्टच्या सिस्टीममध्ये आहेत, बायको पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालून घेते तेव्हा तिचा नवा पत्ताही तुमच्याकडे येतो. तेव्हाच एक मेसेज जाऊ द्या, मराठीत, मल्याळममध्ये, तेलुगूत, उर्दूत, की परदेशात मूल झालं तर वर्षाच्या आत नोंद करा. कामगारांना देश सोडायच्या आधी तुमचं खातं ओरिएंटेशन देतं, त्यात पगार, करार, मदतीचे नंबर हे असतंच, त्यात हीसुद्धा एक ओळ घाला. इथल्या ज्या हॉस्पिटलांत आपल्या बायका बाळंत होतात तिथे परवानगी घेऊन एक बोर्ड लावा. यूएईत 35 लाखांहून जास्त भारतीय राहतात, त्याला लागणारा खर्च फार नाही.

आता ज्यांचं वर्ष उलटून गेलंय त्यांचं काय, हा माझा मुख्य मुद्दा. सप्टेंबर 2024 मध्ये यूएईने व्हिसाची माफी योजना काढली, पुढे ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आणि त्यात इथे जन्मून कागद न झालेल्या मुलांचाही विचार केला होता. म्हणजे इथलं सरकार दंड सोडायला तयार होतं. पण दंड माफ झाला तरी मुलाला विमानात बसवायला आपल्या देशाचा कागद लागतोच, आणि वर्षावरच्या मुलाची फाईल दिल्लीच्या परवानगीवर थांबते. तुम्ही म्हणाल नागरिकत्व हा गृहखात्याचा विषय आहे. बरोबर आहे, पण खिडकी तुमची आहे साहेब, त्या खिडकीसमोर कडेवर पोर घेऊन उभी असलेली बाई दोन खात्यांतला फरक काय करणार?

आणि यासाठी कायदा बदलायचीही गरज नाहीये. त्याच नागरिकत्व कायद्याच्या कलम 16 प्रमाणे केंद्र सरकार आपले बरेचसे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देऊ शकतं. 2021 साली गृहखात्याने याच कलमाखाली गुजरात, राजस्थान, छत्तीसगड, हरियाणा आणि पंजाबमधल्या 13 जिल्ह्यांच्या कलेक्टरांना शेजारच्या देशांतून आलेल्या लोकांच्या नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायचे अधिकार दिले. कलेक्टरवर एवढा विश्वास ठेवता येतो तर दुबईतल्या कॉन्सुल जनरलवर का नाही? मुलाचे आईबाप भारतीय आहेत हे त्यांच्या पासपोर्टवरूनच दिसतं, ते पासपोर्ट तुमच्याच खात्याने दिलेले आहेत. निदान पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची उशिराची नोंद तरी कॉन्सुलेटमध्येच मंजूर होऊ द्या. शंका असेल ती फाईल जाऊ दे दिल्लीला, सरसकट सगळ्या कशाला?

नाहीतर काय होतं तेही सांगते. लोकांना सल्ला देणारे भेटतात, की गावाकडे कुणाला तरी गाठा आणि मूल गावातच जन्मलं असा दाखला काढून घ्या. घाबरलेला माणूस असल्या सल्ल्याला भुलतो, आणि एक खोटा कागद त्या पोराच्या मागे आयुष्यभर लागतो, शाळेत, पासपोर्टला, नोकरीला. खरं तर जन्ममृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात कलम 20 आहे, कॉन्सुलेटमध्ये नोंद झालेली नसेल आणि आईबाप कायमचे राहायला भारतात परत आले तर मूल पोचल्यापासून 60 दिवसांत जन्माची नोंद भारतातही करता येते. त्याने नागरिकत्वाचा प्रश्न सुटत नाही, पण निदान खरा दाखला तरी मिळतो. ग्रामपंचायतीत विचारलं तर किती जणांना हे सांगता येईल? आणि मुळात पासपोर्टच नाही तर ते मूल भारतात येणार कसं?

ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांच्यासाठी तुमचा इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड 2009 पासून आहे, आणि त्याने इथे फार मोठी कामं केलीत, अडकलेल्या माणसांना घरी पाठवलंय. नवजात बाळाच्या कागदांसाठी त्यातून मदत मिळते का, कशी मिळते, हे स्पष्ट शब्दांत कॉन्सुलेटच्या बोर्डावर लावा. आणि दुबईत सोनापूरच्या लेबर कॅम्पच्या बाजूला, शारजाच्या रोला भागात, अजमानला, शुक्रवारी-रविवारी कॅम्प घ्या, नुसत्या जन्मनोंदीसाठी. ज्यांचा व्हिसा संपलाय त्यांना तिथे यायला भीती वाटू नये, नोंदीसाठी आलात म्हणून तुमचं नाव कुठेही कळवलं जाणार नाही एवढं लिहून द्या, लोक येतील.

यातलं पोर्टलं जोडायचं काम वेळ घेईल हे मलाही कळतं. पण कलम 16 खालचा आदेश एका सहीचा आहे. तुमच्या खात्याकडून गृहखात्याला तसं पत्र गेलं असेल तर कधी गेलं, आणि गेलं नसेल तर कधी जाणार, एवढं आम्हाला कळवा. मी ते उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाकीन.

आपली नम्र,
चिपळूणची एक आई, सध्या मुक्काम शारजा