मागचं डावं चाक

पुणे, 12 डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, कॅलेंडरचा फोटो मिळाला. दुधाच्या लिटरांखाली तुझ्या बारीक अक्षरातले मागच्या डाव्या चाकातल्या हवेच्या दाबाचे, दर रविवारचे 33, 33, 33, 32 हे आकडे बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाबा, शेवटचा 32 बघून तुम्ही लगेच हवा भरायला निघाला होतात म्हणे. त्या सकाळी बाकीची तिन्ही चाकंही 32 वरच होती, आईने लिहिलंय. जालन्यात थंडी पडलीय, दुसरं काही नाही. पाच-सहा अंशांनी गारठा वाढला की हवा साधारण एक पॉइंट उतरते. चारही चाकं सारखी उतरली तर काळजी नको. एकच उतरलं तर मात्र मला त्याच दिवशी फोन करा.

दिवाळीत आईने चकल्या तळता तळता सांगितलं तेव्हा मला कळलं, की देऊळगाव राजाच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला चाक बसलं, नट निघेनात म्हणून तुम्ही पान्यावर उभे राहिलात, शेवटी एका टेम्पोवाल्याने स्टेपनी लावून दिली. स्टेपनीतही हवा अर्धीच! रोज रात्री फोनवर बोलतो आपण, आणि यातलं एक अक्षर मला कळू दिलं नाहीत. गुडघ्याचं दुखणं असताना अंधारात रस्त्याच्या कडेला तुम्ही जॅकशी झटताय, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"चार दिवसांनी हवा भरली की चालतं, गाडी जुनी झाली," असं तुम्ही म्हणत होतात. दोन पंक्चरवाल्यांनी टबात बुडवून बघितलं होतं, त्यांनाही काही दिसलं नाही. न दिसण्याचं कारण आपल्याला पाडव्याच्या सकाळी कळलं. शनिवारी 33 भरलेली हवा बुधवारी 29 झाली होती, म्हणजे दिवसाला एकच पॉइंट. एवढ्या हळू गळतीचा बुडबुडा धरायला एका जागी निवांत बघत बसावं लागतं. आपण चाक काढून ओट्यावर आडवं टाकलं आणि भांड्याच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावत गेलो. टायरच्या नक्षीत खिळा नाही. वॉल्व्हच्या तोंडावर पाणी सोडलं, तिथेही काही नाही. मग चाक उलटं केलं. गाडीच्या आतल्या अंगाला असते ती बाजू, जिकडे कधी कुणी बघत नाही. पाच मिनिटांनी रिमच्या कडेला मोहरीएवढे पांढरे फुगे जमायला लागले. आई, ते तुलाच आधी दिसले.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवते ती टायरची कड आणि रिम यांची घट्ट बसलेली जोडी. तिथे गंज चढला की रबर नीट टेकत नाही आणि केसाएवढ्या फटीतून हवा जात राहते. टायरला भोकच नव्हतं, मग पंक्चरची पट्टी तरी कुठे लावणार! मोंढ्याजवळच्या दुकानात त्या मुलाने टायर उतरवून रिमचा गंज तारेच्या ब्रशने घासला, कडेला सीलर लावला, नवा वॉल्व्ह बसवला. कमी हवेवर गाडी पळाली असती तर टायरच्या आत रबराचा काळा भुगा पडलेला दिसला असता. तो नव्हता. तुम्ही त्या दिवशी लगेच गाडी थांबवली होती म्हणून.

पण त्याच टायरच्या बाजूला मी एक आकडा वाचला, 2217. म्हणजे 2017 सालच्या 22व्या आठवड्यातला टायर. चारही तेव्हाचेच आहेत. आता जानेवारीत नागपूरला मावशीकडच्या लग्नाला तुम्ही समृद्धीने जाणार. तीनशेहून जास्त किलोमीटर, सिमेंटचा सरळ रस्ता, आणि नकळत काटा शंभरच्या पुढे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि तापते. जुनं, कडक झालेलं रबर तो ताप सोसत नाही. बाजारात भाजी आणायला चाललेली गाडी त्या रस्त्यावर तशीच चालेल असं मला वाटत नाही. नक्षी अजून चांगली आहे हे मान्य, पण रबराचं वय नक्षीवरून कळत नाही.

म्हणून चार नवे टायर मी सांगून ठेवलेत. पैसे दिलेत, त्यावर आता वाद नको. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा म्हणून स्टेपनीला ठेवू नका, तिच्यासाठीही वेगळा बघू. आणि हवा सकाळी गाडी काढायच्या आधी, चाकं गार असतानाच मोजा. पंपावर पोचेपर्यंत ती तापतात, मग आकडा जास्त दिसतो. आई, तू रविवारचं लिहिणं सोडू नकोस. चार चाकांनंतर पाचवा आकडा स्टेपनीचा.

20 तारखेला पहाटे मी पोचतेय. दुकानात तिघंही जाऊ. चाकाचे नट मशीनने गच्च आवळून देतात, ते त्याला पान्याने हाताने आवळायला सांगू, आणि तिथेच मी एकदा उघडून बघेन.

तुमची,
मनू